टॉवेलाआडचा चेहरा

आठव्या महिन्यात आमची चिमी एकाएकी माणसांना घाबरायला लागली. तोवर कुणाच्याही कडेवर जाणारं लेकरू. आता सासरे यंत्रमागाच्या कारखान्यातून येऊन हात पुढे करायचे आणि ही ओठ काढून रडायची. मामंजींना फार लागायचं. 'मला ओळखंना का गं ही?' असं विचारायचे.

नवव्या महिन्याच्या भेटीला आशाताई, म्हणजे घरी येणाऱ्या आरोग्यसेविका, आल्या, तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आपलं कोण, परकं कोण, हे कळायला लागलंय तिला. चांगलंच आहे. बळंबळं कुणाकडं देऊ नका, तुमच्या मांडीवर बसवून खेळवा.'

मग बुवा-कुक सुरू केलं. पहिल्या दिवशी चूक झाली. मी पूर्ण चेहरा टॉवेलानं झाकला आणि जरा जास्तच वेळ थांबले. चिमीनं भोकाड पसरलं. त्या वयात दिसेनासं झालेलं माणूस परत येईल याची खात्री अजून पक्की नसते, हे मला नंतर उमजलं. दुसऱ्या दिवशी फक्त अर्धा चेहरा झाकला, आवाज देत राहिले आणि टॉवेल ओढायचं काम तिच्यावरच सोडलं. आठवडाभरात ती स्वतःच टॉवेल ओढून खिदळायला लागली. मग मामंजींना समोर बसवलं, पण लांब. ते टॉवेलाआडून डोकावायचे, ती आधी माझ्याकडं बघायची, मग त्यांच्याकडं.

हे 'आधी माझ्याकडं' मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात काही आयांना बाळासमोर थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं होतं. बाळांनी आधी हसून, हात हलवून आईला बोलकं करायचा प्रयत्न केला आणि मग ती कावरीबावरी झाली. हे वाचलं आणि दूध पाजताना मोबाइल बघणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

रडली की सासूबाई म्हणायच्या, 'काही नाही, काही नाही.' मी म्हणायला लागले, 'भीती वाटली? राग आला?' आणि तसाच चेहरा करायचे. शेजारच्या अक्का तेलुगूत 'भयम्?' म्हणत डोळे मोठे करायच्या. चिमीला शब्द दोन, चेहरा एकच.

आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला गड्डा म्हणतात. या गड्ड्याच्या यात्रेत किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. आम्ही ते गच्चीवरून, लांबूनच बघत होतो. पहिला बार उडाला, ती दचकली आणि तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. दचकले मीही होते. 'मोठ्ठा आवाज! दचकलो ना आपण?' असं म्हणून मी तिला जवळ घेतलं. पुढच्या बाराला तिनं माझ्या पदरात तोंड लपवलं. थोड्या वेळानं पदर बाजूला सारून तिनं मामंजींकडं पाहिलं आणि म्हणाली, 'कु!'