गॅदरिंगमधला मनकवडा

मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेचं गॅदरिंग म्हणजे ईशस्तवन, लेझीम, एक कोळीनृत्य आणि पाहुण्यांचं न संपणारं भाषण. त्याबद्दल फार काही आठवत नाही. आठवतो तो 'मनकवडा'. दरवर्षी दहावीतला कोणीतरी डोक्याला फेटा बांधून लोकांच्या मनातलं ओळखायचा.

मुख्य खेळ चिठ्ठ्यांचा. फिशपॉन्डचाच डबा फिरवायचा, प्रत्येकानं मनातली एक गोष्ट लिहून घडी घालून टाकायची. मनकवडा एक चिठ्ठी कपाळाला लावून डोळे मिटून म्हणायचा, "रंकाळा!" मागच्या बाकावरून आवाज यायचा, "व्हय, माझीच!" हा आवाज अर्थातच आपल्या माणसाचा. मग खात्री केल्यासारखं दाखवत तो चिठ्ठी उघडायचा. ती असायची भलत्याचीच. आत लिहिलेलं 'पांढरा रस्सा'. पुढची चिठ्ठी कपाळाला लावली, की ओरडायचं "पांढरा रस्सा!" असं कायम एक चिठ्ठी पुढं राहायचं. आपल्या माणसाच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला असे, ती सगळ्यात शेवटी उचलायची. खरी करामत कपाळाला आठ्या घालून वेळ काढण्यात होती. घाई करणारा मनकवडा मला कधीच पटला नाही.

गणिताच्या सरांचा लाडका खेळ आकड्यांचा. तीन आकडी संख्या धरा, पहिल्या आणि शेवटच्या अंकात किमान २ चा फरक हवा. समजा ७३२. उलटी करून वजा करा: ७३२ वजा २३७, म्हणजे ४९५. तीही उलटी करून मिळवा: ४९५ अधिक ५९४, झाले १०८९. कुठलीही संख्या घ्या, उत्तर तेच. मग वाचनालयातलं जाडजूड पुस्तक आणायचं, पान १०८, ओळ ९. ती ओळ मनकवड्यानं आदल्या रात्रीच घोकलेली.

गणपतीत तालमीच्या मंडळापुढं हेच प्रयोग व्हायचे, पण तिथलं पब्लिक वेगळं. "माझ्या मनात काय हाय सांग!" म्हणून कोणीतरी उठणारच. "मिसळ" म्हटलं की निम्मी गल्ली हसायची आणि तो गडीही नाही म्हणायचा नाही.

मुलींनी वयाची कार्डं आणली, तेव्हा गंमत वाढली. सहा कार्डं, त्यांत १ ते ६३ मधले आकडे विखुरलेले. तुमचं वय ज्या ज्या कार्डावर असेल ती द्यायची. त्यांचे पहिले आकडे, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ यांतले येतील ते मनात मिळवले की वय हजर. बाई काही स्टेजवर यायला तयार होईनात. शेवटी शिपाईमामा आले. ३२, १६ आणि ८ ची कार्डं त्यांनी काढून दिली. "छप्पन्न!" टाळ्या पडल्या. मामा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "ते कागदावरचं झालं गं पोरी. माझी जन्मतारीख मास्तरांनी अंदाजानं १ जून लावलीया. खरं वय किती, त्ये बघ की कार्डात."