बांबूचं गाव

"सगळं बांबूचं व्हतं भो, म्हनून राह्यलं नही."

फैजपूरच्या बसस्टँडवर केळीच्या फण्या लावता लावता एक बाबा बोलून गेले. मी सहज म्हटलं होतं, आज २७ डिसेंबर. १९३६ साली याच दिवशी इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी सजावट केली, तीही इथल्याच साध्या साहित्यातून. बांबू त्यात मुख्य.

बाबांनीही हे ऐकलेलंच, वडलांकडून.

सावद्याची बस आली, चढलो. वाक्य मात्र डोक्यात अडकलं. दगडाचं असतं तर तिकीट लावलं असतं आपण, आणि खाली नावंही कोरली असती!

ते तट्टे, ते बांबू पुढं कुणाच्या गोठ्याला लागले असतील?