मळ्यातली पांढरी

रविवार, रात्री साडेनऊ

आज पाच वर्षांनी मळ्यातल्या जुन्या वस्तीवर जाऊन आले. आजी गेली त्या साली वस्ती कायमची उठली. आढं आणि वासे कुणीतरी नेले, कच्च्या विटांच्या भिंती पावसागणिक विरघळत बसल्या. आता कमरेएवढा ढीग उरलाय, त्यावर तरवड माजलाय.

उंबऱ्याचा दगड मात्र जागेवर आहे. तो सापडल्यावर घर कळायला लागलं. डाव्या हाताला उखळ, अजून जमिनीत पक्कं. कोपऱ्यात टाचेनं माती खरवडली तर लालभडक निघाली. चूल! इतक्या वर्षांचा जाळ मातीत भाजून राहिलाय. बाहेर गव्हाणीची दगडी ओळ, आणि विहिरीवरचं थारोळं, मोटेच्या पाण्यानं गुळगुळीत झालेलं.

आमच्या घोड नदीवरच इनामगाव आहे. तिथल्या टेकाडावर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी बारा हंगाम खणती केली. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमाराची शेतकऱ्यांची वस्ती, शंभराहून जास्त घरं. मातीच्या भिंती, चुली, कणगी ठेवायचे गोल ओटे, धान्याची पेवं. सातूचं पीक, नदीचं पाणी वळवायला पाटसुद्धा. आधीची घरं ऐसपैस, चौकोनी. शेवटच्या काळात त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटलं, शेती आटली, माणसं जनावरांच्या आधारानं राहू लागली, असा संशोधकांनी त्याचा अर्थ लावला. शेवटी तेही उठले.

कॉलेजात हे वाचलं तेव्हा परीक्षेपुरतं होतं. एक गोष्ट तेवढी आत राहिली. इनामगावची माणसं गेलेलं लेकरू दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. आजीचं पहिलं बाळ पाचव्या दिवशी गेलं. ते बांधावरच्या बाभळीखाली पुरलेलं. त्या बाभळीची फांदी आजीनं कुणाला तोडू दिली नाही, ऐन सरपणाच्या तंगीतही नाही. ती का चिडायची, हे मला फार उशिरा कळलं.

चुलतभाऊ सोबत होता. म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात जेसीबी लावतो. ही पांढरी कांद्याच्या वावरात पसरली तर पीक बघ कसं येतंय."

त्याचं चुकत नाही. राख, शेण, माणसांच्या वावरानं मुरलेली माती कसदार असतेच. शेतकरी पिढ्यानपिढ्या अशी पांढरी गाड्या भरभरून नेत आलाय, आणि त्यात किती जुनी टेकाडं संपली! वस्तीच्या जागेला पांढरी आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणणारी आपली माणसं. पण आजीचं घर पांढरी झालंय, हे त्याच्या तोंडून ऐकताना घशाशी आलं.

"लाव, पण मला दोन दिवस दे," म्हटलं. टेप, दोरी, खुंट्या घेऊन शनिवारी जाणार आहे. सगळ्या घराचा नकाशा मोजून काढायचा: उंबरा, चूल, उखळ, धान्याच्या बळदाची जागा, गव्हाण. कुठे कोण निजायचं, हे आत्याला विचारून लिहायचं. हाडामातीवरून नव्हे, आठवणीतून सांगू शकेल अशी ती एकटीच उरलीय.

निघताना भावानं हातानं हद्द दाखवली, इथून तिथपर्यंत सपाट करतो म्हणाला. बाभळ त्यानं आपणहून बाहेर ठेवली होती. मला सांगावं लागलं नाही.