मुंबई–गोवा विमान: सव्वा तासाचं तिकीट, साडेआठ तासांचा प्रवास

दक्षिण गोव्यात उतरणार असाल तर मोपा विमानतळाचं तिकीट काढू नका. जानेवारी २०२५ मध्ये मी काढलं आणि पस्तावलो.

तिकिटावर 'मुंबई–गोवा, १ तास १५ मिनिटं' एवढंच डोळ्यांत भरतं. पण गोव्यात विमानतळ दोन. दाबोळी जुना, नौदलाच्या तळावरचा, कोड जीओआय. मोपा नवा, पेडण्यात, जानेवारी २०२३ पासून सुरू, कोड जीओएक्स. मला जायचं होतं काणकोणात, पाळोळ्याला. तीनशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून मोपा घेतलं. आकाशातून मुंबई–दाबोळी साधारण ४२५ किलोमीटर, मोपा त्याहून चाळीसेक किलोमीटर जवळ. पण तिथून पाळोळे रस्त्याने शंभरावर किलोमीटर. दाबोळीहून साठ-पासष्ट.

डोंबिवलीहून पहाटे पावणेचारला निघालो. सात पाचचं विमान ८.२० ला टेकलं. इथवर सगळं वेळेत.

टॅक्सीचे ३८०० ठरले. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत, त्यामुळे घासाघीस करायला फारसा वाव नसतो. धारगळ, कोलवाळ, म्हापसा झपाट्याने मागे पडलं आणि पर्वरीला गाडी थांबली ती थांबलीच. उड्डाणपुलाचं काम, दोन्ही बाजूंनी पत्रे, मध्ये एका गाडीपुरती वाट, त्यात ऑफिसला निघालेल्या स्कूटरी. काच खाली केली तर धूळ, वर केली तर उकाडा, कारण चालकाने एसी बंद केला होता. पन्नास मिनिटं. समोरच्या टँकरच्या मागे लिहिलेला नंबर मला अजून पाठ आहे. मांडवीवरचा अटल सेतू ओलांडल्यावर पणजी, आगशी, झुवारीचा नवा पूल, मडगाव हे सगळं विनातक्रार. करमल घाट उतरून चावडीला, म्हणजे काणकोणच्या बाजारपेठेत, पोचलो तर चालक म्हणाला, "वेळ जास्त लागला, पाचशे वाढवून द्या." बॅगा डिकीत, बाजूला दमलेली आई. दिले. ते अजून खुपतं. पावती घ्या, आणि 'ट्रॅफिक झालं तरी हाच आकडा' हे गाडीत बसण्याआधी बोलून घ्या.

पाळोळ्याला १२.१०. घरापासून आठ तास पंचवीस मिनिटं.

आता हिशोब करा. सीएसएमटी–मडगाव वंदे भारत शुक्रवार सोडून रोज पहाटे सुटते, ठाण्याला थांबते, दुपारी एकच्या सुमारास मडगाव. तिथून काणकोणची बस धरली तरी, घरापासून मोजलं तर, विमानापेक्षा तास-दीड तासाचाच फरक. परत मी तिनेच आलो. पावसाळ्यात मात्र कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू जातात, तेव्हा हा हिशोब धरू नका.

पाठीवर एकच सॅक असेल तर मोप्याहून टॅक्सी करूच नका. कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, इलेक्ट्रिक बस पणजी-मडगावला जाते. पणजीहून मडगावला कदंबाची विनाथांबा शटल आहे, तिकीट खिडकीवर काढून बसायचं. मी एकटा असतो तर तेच केलं असतं.

मोपा कोणासाठी? हरमल, मोरजीला जाणारे, आणि आपले सावंतवाडी, शिरोडा, वेंगुर्ल्याचे लोक. त्यांनी डोळे मिटून मोपाच घ्यावं, विमानतळ सिंधुदुर्गाच्या हद्दीजवळच आहे. बाकीच्यांनी जीओआय.

पाळोळ्याचे तीन दिवस छान गेले.