झेरेन्सडॉर्फचे हिंदुस्थानी कैदी

जर्मनीत झेरेन्सडॉर्फला पहिल्या महायुद्धातल्या हिंदुस्थानी शिपायांचं कब्रस्तान आहे. तिथले फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि काकांचा लगेच प्रश्न आला, "इंग्रजांसाठी लढून मेले ते. त्यांना फुलं कशाला वाहायची?" तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमलं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

बर्लिनच्या दक्षिणेला साधारण 40 किलोमीटरवर व्यून्सडॉर्फ आहे. पहिल्या महायुद्धात इथे 'हाल्बमोंडलागर', म्हणजे अर्धचंद्र छावणी होती. मुख्यतः मुसलमान कैद्यांसाठी, पण आपले हिंदू आणि शीख शिपाईही तिथे होते. जर्मन सम्राट कैसरच्या लोकांचा डाव सरळ होता, यांना चुचकारून इंग्रजांवर उलटवायचं. त्यासाठी 1915 मध्ये छावणीत लाकडी मशीद उभारली, जर्मनीतली पहिली. कैद्यांसाठी 'हिंदोस्तान' नावाचं वर्तमानपत्रही निघायचं. मशीद केव्हाच पाडली, रस्त्याच्या नावात तेवढी उरली आहे.

जे परतले नाहीत त्यांतले 206 जण जवळच झेरेन्सडॉर्फच्या पाइनच्या रानात आहेत. कैद्यांपैकी मल सिंग नावाच्या पंजाबी शिपायाचा आवाज 11 डिसेंबर 1916 रोजी ध्वनिमुद्रित झाला. तो हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहे. जर्मन अभ्यासक भाषांचे नमुने गोळा करत होते. हा गडी स्वतःची कहाणी तिऱ्हाईताची असल्यासारखी सांगतो: एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, मग या लढाईत आला, जर्मनांच्या हाती सापडला, आता त्याला घरी जायचंय. नमुना म्हणून हवं होतं चार वाक्यांचं बोलणं, आणि याने काय दिलं बघा.

मला खरं कौतुक वाटलं ते थडग्यांवरच्या दगडांचं. ही थडगी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा नियम असा की हुद्दा काही असो, धर्म कुठलाही असो, दगड सारखाच. हिंदू शिपायाच्या दगडावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः'. दुसऱ्या महायुद्धानंतर हा सगळा भाग सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात होता, कब्रस्तानाची पार दुर्दशा झाली. ते सैन्य 1994 मध्ये गेल्यावर डागडुजी सुरू झाली आणि 2005 मध्ये हे पुन्हा समारंभाने खुलं झालं. कुणाचा नातू येऊन जाब विचारणार नव्हता, तरी केलं. गवतसुद्धा कसं, कडेला दोरी लावून कापल्यासारखं. इथे जर्मनीत नोव्हेंबरात एका रविवारी युद्धातल्या मृतांचा स्मरणदिन असतो. त्या दिवशी संसदेत वाचल्या जाणाऱ्या मजकुरात कैदेत मेलेल्यांचाही उल्लेख असतो.

"आपल्याकडे कुठे असं?" हा सूर मात्र मला खपत नाही. त्या कमिशनचा खर्च सहा देश उचलतात, त्यांत भारत आहे. वाटा लहान असेल, पण आहे. आणि खडकीचं वॉर सिमेटरी पाहिलेल्या पुणेकराने गवताचं कौतुक मला सांगू नये.

शिवाय सारखा दगड सगळ्यांच्या वाट्याला आलाच नाही. काकांनी पुढे विचारलंच, "मराठी किती त्यात?" फारसे नसावेत. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या कूत शहरात सुमारे 13 हजारांची फौज तुर्कांना शरण गेली, तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. पुढे वाळवंटातली पायपीट, रेल्वेची वेठ, उपासमार. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. अशा भेदभावाबद्दल कमिशनने 2021 मध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी.

राहिला प्रश्न इंग्रजांसाठी लढण्याचा. 1914 मध्ये शिपायाला महिना 11 रुपये मिळत. काका, पगारासाठी परमुलखात, परक्यांच्या चाकरीत मीही आहे. माझ्या पाठवलेल्या पैशांना तुम्ही कधी गद्दारी म्हणाला नाहीत.

साताऱ्याकडच्या गावांत संगमरवरी पाट्या आहेत: गावातून महायुद्धावर इतके गेले, पैकी इतके मेले. 'अपशिंगे मिलिटरी' या गावाचा मेलेल्यांचा आकडा 46 आहे. पाट्या इंग्रजांनी लावल्या, आकडेही त्यांचेच. खाली नावं कोरायची तर 1947 पासून आपल्याला कुणाला विचारावं लागत नाही. पुढच्या गणपतीत गावी आलो की ग्रामपंचायतीत हा विषय काढणार आहे. काका, तुम्हाला सोबत यावं लागेल.