चार होतो सर, पाच नाही!

१ ऑगस्टला, टिळकांच्या पुण्यतिथीला, आमच्या शाळेत भाषणं व्हायची आणि त्यांतली बहुतेक शेंगांच्या टरफलांवर असायची. १९८६ साली मी नववीत होते. कार्यक्रम आटोपून वर्गात आलो, तर इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहून ठेवलेले: ॲक्यूज्ड (आरोपी), कन्व्हिक्टेड (दोषी ठरलेला), पनिश्ड (शिक्षा झालेला). "टरफलांच्या गोष्टीतले टिळक यांपैकी कोण?" त्यांनी विचारलं. पनिश्ड, हे सगळ्यांनीच सांगितलं. "मग आधीचे दोन कुठे गेले?" गोष्टीतल्या मास्तरांनी कुणावर आरोप ठेवला नाही, चौकशी केली नाही, एकदम सगळ्या वर्गालाच टरफलं उचलायला लावली. सर हसून म्हणाले, "मोठेपणी सरकारने त्यांना एकेक पायरी चढायला लावली. तीच आपण इंग्रजीतून चढू."

मग कितीतरी तास टिळकांवरचा १९०८चा खटला चालला. पाठ्यपुस्तक मिटलेलंच. २४ जूनला अटक झाली: अरेस्ट. जिनांनी जामिनासाठी अर्ज केला, तो न्यायमूर्ती दावरांनी नाकारला: बेल रिफ्यूज्ड. हेच दावर अकरा वर्षांपूर्वी वकील होते आणि टिळकांना जामीन मिळावा म्हणून त्यांनीच युक्तिवाद केला होता, हे ऐकून मागच्या बाकांवरही शांतता पसरली. आरोप राजद्रोहाचा: सेडिशन. ज्यूरीत, म्हणजे दोषी की निर्दोष ते सांगणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळात, नऊ जण, सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही: व्हर्डिक्ट. सहा वर्षं हद्दपारी आणि हजार रुपये दंड, हे मात्र न्यायाधीशांनी ठरवलं: सेंटेन्स. कुठला शब्द कुणाच्या तोंडचा, हे एकदा असं कळल्यावर पाठांतराची गरजच उरली नाही. आपल्याकडे ज्यूरी आता इतिहासजमा झाली, पण व्हर्डिक्ट हा शब्द वर्तमानपत्रं सोडायला तयार नाहीत.

टिळकांचं ते प्रसिद्ध वाक्य आम्ही इंग्रजीतूनच पाठ केलं. "इन स्पाइट ऑफ द व्हर्डिक्ट ऑफ द ज्यूरी, आय मेंटेन दॅट आय ॲम इनोसंट." पाचवीत एबीसीडी गिरवायला लागलेली आम्ही मुलं, 'मेंटेन' म्हणजे गाडी किंवा घर नीट राखणं एवढंच ठाऊक होतं. ठामपणे म्हणणं हा त्याचा अर्थ तिथे पहिल्यांदा कळला. मुंबई उच्च न्यायालयातल्या संगमरवरी फलकावर ते शब्द कोरलेले आहेत.

सरांचा खरा जाच होता तो शब्दयोगी अव्ययांचा. मराठीत चोरीचा आरोप, चोरीबद्दल शिक्षा, एवढ्यावर भागतं. इंग्रजीत ॲक्यूज्ड ऑफ, चार्ज्ड विथ, कन्व्हिक्टेड ऑफ, सेंटेन्स्ड टू. शब्द शेपटासकट लिहायचा, शेपूट तोडलं की अर्धा गुण गेला. शिवाय बँक 'रॉब' होते आणि पैसे 'स्टील' होतात. फाशी दिलेला माणूस हँग्ड, टांगलेला शर्ट हंग. हे शेवटचं सांगताना सरांचा चेहरा इतका गंभीर असे, की हसावं की नाही हेच कळत नसे.

त्याच महिन्यात आमच्या वर्गातल्या काही पोरांनी शाळेमागच्या बागेतले पेरू लांबवले आणि राखणदार आडवा आला तेव्हा त्याला ढकलून पळाले. तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत गेली, छड्या बसल्या. सरांनी मात्र त्याचाही धडा केला. गुपचूप नेले तर थेफ्ट. माल घेऊन पळताना बळ वापरलं तर रॉबरी, पोलिसांच्या भाषेत जबरी चोरी. आणि पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलं तर भारतीय दंड संहितेप्रमाणे डकॉइटी, म्हणजे दरोडा. आपल्याच 'डाक्या'वरून इंग्रजांनी घेतलेला शब्द. त्यावर मागून आवाज आला, "चार होतो सर, पाच नाही!" कायद्याच्या इतक्या अचूक ज्ञानाबद्दल सरांनी त्याला बक्षीस म्हणून पेन दिलं. तो गडी पुढे पोलीस खात्यात गेला.

मी न्यायालयात भाषांतरकार झाले. साक्षी मराठीत होतात. अपील उच्च न्यायालयात गेलं की त्या इंग्रजीत न्याव्या लागतात. टिळकांनीही त्या खटल्यात 'केसरी'तल्या लेखांची सरकारी भाषांतरं मूळ अर्थ बिघडवतात असं सांगून अनुवादकाची उलटतपासणी घेतली होती. सरांनी ते सांगितलं तेव्हा गंमत वाटली होती, आता साक्षीदाराचं "ढकललं" लिहिताना पुश्ड की शोव्ह्ड यावर मी अडून बसते. पंचनामा आणि मुद्देमाल मात्र इंग्रजी निकालपत्रांतही तसेच्या तसे राहतात. त्यांना हात लावायची हिंमत कुणी करत नाही.

एक गोष्ट मात्र सहन होत नाही. टीव्हीवर अटक झाल्याबरोबर खाली पट्टी येते, 'गुन्हेगार जेरबंद'. अजून आरोपपत्रही दाखल नसतं. फळ्यावरचे ते तीन शब्द वृत्तवाहिन्यांच्या भरतीच्या परीक्षेत घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

१ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० गेलं आणि ३१८ आलं. बोलण्यातली चारसोबीस हटायला मात्र वेळ लागेल. दरोड्याला अजूनही पाचच माणसं लागतात, हे आमच्या पोलीस मित्राने मुद्दाम फोन करून कळवलं. सरांच्या यादीत नसलेली एक शिक्षाही आली आहे: कम्युनिटी सर्व्हिस, सामुदायिक सेवा. किरकोळ गुन्ह्यासाठी तुरुंगाऐवजी लोकांच्या उपयोगाचं काम, तेही बिनपगारी. त्याच्याआधी 'सेंटेन्स्ड टू'च येतं. आताच्या नववीच्या शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना तेवढं शेपूट विसरू नये.