जालन्याच्या भट्टीत लॅम्बोर्गिनी वितळेल का?

वर्कशॉपमध्ये इंजिन उघडं पडलेलं, आणि आमच्या आयटीआयचं एक पोरगं मोबाईलवर क्रॅश टेस्टची, म्हणजे सुरक्षितता तपासायला महागडी गाडी मुद्दाम भिंतीवर आपटतानाची, क्लिप बघत बसलेलं. रागवायच्या आतच त्यानं विचारलं, "सर, आपटून झाल्यावर ही बी किलोवर इकतेत का?" म्हटलं, चल, किलोवर घेणारेच दाखवतो. अशी आमची जालन्याची, भंगार वितळवून सळया करणाऱ्या कारखान्यांची सहल ठरली.

बीडहून गेवराई, शहागडला गोदावरीचा पूल, मग वडीगोद्री, अंबड, जालना. थेट एसटी मिळाली तर उत्तम. डब्यात चुरमुऱ्यांची सुशीला होती, ती अंबडच्या आधीच संपली. जाणाऱ्यांनी आधी कारखान्याला द्यायच्या परवानगीच्या पत्राचं बघा. आमच्या पत्रात मुलांची नावं नव्हती म्हणून पहिल्या कारखान्यानं गेटवरूनच परत पाठवलं. दुसरीकडे ओळखीनं आत शिरलो, पण तिथंही चप्पल घातलेल्या दोघांना बाहेर बसावं लागलं. बूट हवेतच, आणि कपडे सुती. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. पावसाळ्यात तर जाऊच नका. ओलं भंगार भट्टीत पडलं की पाण्याची वाफ होऊन पातळ लोखंड उसळतं.

भट्टीपेक्षा पोरं भंगाराच्या ढिगापाशी जास्त रमली. एक म्हातारा कामगार बसल्या बसल्या शॉकअप वेगळे काढत होता. एकेकाला भोक पाडायचा, काळं तेल मातीत ओघळू द्यायचा, मग ढिगात फेकायचा. बंद नळकांडं तसंच भट्टीत गेलं तर फुटतं. एअरबॅगच्या स्फोटक डबीचंही तेच, म्हणून न उडालेली एअरबॅग भंगारात दिसली तर पोरांना लांब ठेवा. वर क्रेनचं चुंबक लोखंड उचलत होतं, ॲल्युमिनियम खालीच राहत होतं. भट्टीत साधारण १,६०० अंशांना सगळ्याचा रस होतो, त्याचे बिलेट म्हणजे जाड चौकोनी कांबी, बिलेटच्या सळया. टेस्टमध्ये आपटलेली साधी पत्र्याची गाडी शेवटी अशीच कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसते.

एकानं घरून तुटकी बॅडमिंटनची रॅकेट आणली होती, कार्बन फायबरची. लोखंडाच्या तुकड्यांशेजारी ठेवून पाहिली. क्रेननं तुकडे उचलले, रॅकेट जागेवरच. सुपरवायझरनं ती हातात घेऊन वाकवली आणि परत दिली, "इससे सरिया नहीं बनेगा."

इथंच पोराला उत्तर मिळालं. २०११ च्या लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरचा मधला सांगाडा १४७.५ किलोचा, सगळा कार्बन फायबर. त्याच्या पुढं-मागं ॲल्युमिनियमच्या चौकटी. ॲल्युमिनियम वितळवून परत वापरता येतं. कार्बनचं तसं नाही. ऑक्सिजनशिवाय तापवून तंतूंना धरून ठेवणारी राळ उडवतात आणि तंतू वेगळे काढतात, पण ते आखूड निघतात, त्यातून पुन्हा तसला सांगाडा होत नाही.

म्हणून छोट्या कंपन्या आपटतानाही काटकसर करतात. स्वीडनच्या कोनिगसेगनं रेगेरा गाडीच्या वेळी एकच सांगाडा पुन्हा पुन्हा वापरला. चुरगळलेला भाग बदलायचा, पुन्हा आपटायचं. आपल्या मेकॅनिकला हे शिकवावं लागत नाही! मॅक्लारेन एफ१ ची एक्सपी२ ही प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीआधीची नमुना गाडी, अशाच चाचणीसाठी खर्ची पडली. पोर्शनं तर हात आखडताच घेतला. ९५९ गाडी अमेरिकेत विकायची तर आपटायला चार गाड्या द्या, असं तिथलं सरकारी खातं म्हणालं, कंपनीनं दिल्याच नाहीत.

आपटलेली गाडी विकत का नाहीत, हा पुढचा प्रश्न. बहुतेकदा ती प्रोटोटाइप असते, नोंदणी होण्याजोगी नसते, आणि वाकलेला सांगाडा दुरुस्त करून कुणी रस्त्यावर आणला तर जबाबदारी कंपनीच्या गळ्यात. मग मोजमापं घेतात, कापून आतून बघतात, काही दिवस जपून ठेवतात आणि मोडीत काढतात. एखादी प्रदर्शनात उभी राहते, एखादीवर बचाव पथकं पत्रा कापायचा सराव करतात. आपल्याकडे भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आपटून त्यांना सुरक्षिततेचे तारे द्यायची योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. त्यात समोरून ६४, बाजूनं ५० आणि खांबावर २९ किमी वेगानं आपटतात.

चहाला थांबलो तेव्हा पोरगं म्हणालं, "मग सर, मोडण्यापेक्षा आपल्या आयटीआयला द्यायची की." मी त्यांना वायपर नावाच्या स्पोर्ट्स कारची गोष्ट सांगितली. अमेरिकेत डॉजनं शिकवण्यासाठी कॉलेजांना वायपर गाड्या दिल्या होत्या आणि २०१४ मध्ये त्या चेपून टाका असा निरोप आला. पोरं जिवापाड जपत असलेल्या गाड्या! सगळे गप्प. मग मागून कुणीतरी, "आपली वर्कशॉपमधली मारुती ८०० मागायला तर कुणी येणार नाही ना ओ?"

परतीला उशीर करू नका, अंबडच्या पुढं रात्री एसटी कमी मिळतात. आम्ही वडीगोद्रीच्या फाट्यावर दीड तास उभे होतो. रॅकेट एका पोरानं तिथंच कुत्र्याला हाकलायला वापरली.